विलायती मीठ

बाई, तुझी तेरवी होऊन आठवडा झाला आणि आज मी दुकान उघडलं. मंदा म्हणाली, "अजून दोन दिवस राहू द्या." मी म्हटलं, घरी बसून काय करू? घरी बसलं की लोक भेटायला येतात, आणि भेटायला आलेले लोक चांगलंच बोलतात. ते ऐकवत नाही आता.

दुकानात तुझीच चौकशी. अर्ध्या गिऱ्हाइकांना तू गेल्याचं माहीतच नव्हतं. एका बाईनं स्टुलाकडे पाहून विचारलं, "ते बाई नाई आल्या का आज?" यवतमाळच्या या औषधाच्या दुकानावर पाटी माझ्या नावाची आहे, पण ओळख तुझी जास्त. बाभुळगावच्या बाजूनं एसटीनं यायचीस, बाजारातली कामं आटोपून दुपारी माझ्याकडे टेकायचीस, आणि परतीची गाडी लागेपर्यंत माझा धंदा बुडवायचीस. "कायले घेते वं हे ताकदीचं औषध? घरी तीय नाई का? गूय नाई का?" तीळगुळाचं नाव ऐकून बाया हसायच्या आणि बाटली काउंटरवर परत ठेवायच्या. मी आतून डोळे वटारायचो. तू माझ्याकडे पाहायचीच नाहीस.

त्या बाईला मी सांगितलं, ती माझी मोठी बहीण होती, गेली. ती म्हणाली, "अगं माय! चांगल्या होत्या. काय झालं होतं?"

हृदयाचा त्रास होता, म्हणालो. एवढंच म्हणालो.

तुला आठवते का नेरची उन्हाळ्याची सुट्टी? बाबा तहसीलमध्ये कारकून, वर्षभर शिस्त आणि सुट्टीत जुलाब. मे महिन्यातल्या एका रविवारी ते आपल्या दोघांना ओट्यावर बसवायचे आणि विलायती मिठाचे दोन ग्लास पुढं ठेवायचे. पांढऱ्या साखरेसारखं दिसणारं ते मीठ इतकं कडू की नुसत्या वासानं माझ्या डोळ्यात पाणी यायचं, आणि त्याला तर वासही नव्हता. एकदा बाबा वरून द्यायचा गुळाचा खडा आणायला आत गेले आणि तू माझा ग्लास उचलून घटाघट पिऊन टाकलास. दिवसभर तुझ्या परसाकडे खेपा चालू. संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "पोरीले लागू पडलं, पोराले काहीच नाई," आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा ग्लास. मी तुझ्याकडे पाहिलं. तू गोधडीतून तोंड बाहेर काढून म्हणालीस, "आज तुहा नंबर."

फार्मसीला गेलो तेव्हा कळलं की त्या मिठाचं नाव मॅग्नेशियम सल्फेट. सुट्टीत घरी आलो तेव्हा मी तुला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तुझं नुकतंच लग्न झालेलं, माहेरपणाला आलेलीस, चुलीपुढं बसून दूध आटवत होतीस. लाखो वर्षांपूर्वी समुद्र जमिनीत अडकले, उन्हानं आटत गेले, आणि पाणी संपता संपता खाली एकावर एक मिठांचे थर बसले. आपलं खायचं मीठ त्यातलंच, जिप्सम त्यातलंच आणि हे कडू मीठही त्यातलंच. तू पातेल्यात उलथनं फिरवत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे समुद्राची खरवड." मला राग आला होता. इतकं शिकून आलेल्या माणसाचं शास्त्र तू एका शब्दात पातेल्यात घातलंस म्हणून. पण खरं सांगू? पुढं परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मला तुझीच खरवड आठवली आणि त्यावरून सगळं उत्तर सुचलं. हे तुला सांगायचं राहिलं. असं बरंच काही राहिलं.

भाऊजी गेल्यावर तू वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कुणाला दिलं नाहीस. मी म्हणत होतो, यवतमाळला ये, वरची खोली रिकामी आहे. तू म्हणालीस, "तुह्या घरी येऊन काय करू? टीव्ही पाहू? मंदाच्या स्वयंपाकात खोड्या काढू?" तुझा प्रवीण पुण्याला नोकरीवर, तू एकटी, आणि वावरात कामाला येणाऱ्या कौशल्याच्या भरवशावर कापसाची पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. दर वर्षी आपलं हेच भांडण. दर वर्षी ते अर्धवट सोडून तू गाडी पकडायला उठायचीस.

एका वर्षी तुझ्या पऱ्हाटीवर लाल्या आला. पानं कडेनं लाल पडत गेली. कृषी केंद्रातल्या माणसानं तुला एक पोतं दिलं आणि फवारायला सांगितलं. संध्याकाळी तुझा फोन. हसू आवरत नव्हतं तुला. "सुध्या, पोत्यावर काय लिवलं हाये माहीत हाये का? मॅग्नेशियम सल्फेट! आपल्या बाबाचं विलायती मीठ! बाबा असते तं साऱ्या वावराले जुलाब देल्ला असता." मीही हसलो. मंदा स्वयंपाकघरातून विचारत आली की काय झालं.

आता ते सांगतो, जे तुला माहीतच आहे. पण माझ्या तोंडून ते तू कधी ऐकलं नाहीस.

यंदाच्या पोळ्याच्या आठवड्यातली दुपार. तू स्टुलावर बसली होतीस. बाजूच्या कॉलनीतले एक निवृत्त साहेब प्रोटीनचा मोठा डबा घ्यायला आले. मी डबा काढून दिला. तू म्हणालीस, "साहेब, याच्यात काय हाये? फुटाण्याचं पीठ हाये." साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी डबा तिथंच ठेवला, "नंतर पाहू" म्हणाले आणि गेले. आणि मी, गिऱ्हाइकांसमोर, कामावरच्या मुलीसमोर, तुला म्हणालो, "बाई, जरा तोंड बंद ठेवत जा."

तू गप्प झालीस. तू गप्प झालेली मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिली. थोड्या वेळानं तूच बोललीस. आवाज नेहमीचाच, जणू काही झालंच नाही. "सुध्या, पाह्य बरं माह्ये पाय. चप्पल बसून नाई राह्यली."

मी औषधांच्या बिलांमध्ये डोकं घातलं होतं. काउंटरच्या आत उभं राहिलं की समोरच्या माणसाचे पाय दिसत नाहीत, बाई. कमरेपासून वरचीच माणसं दिसतात. पाय पाहायचे असतील तर कडेची फळी उचलून बाहेर यावं लागतं. फळी माझ्या हाताशी होती. मी ती उचलली नाही. राग होता अजून. मान वर न करता म्हणालो, "वयानं होते. मीठ देतो, कोमट पाण्यात पाय ठेवत जा." मागच्या फळीवरून पुडी काढली आणि काउंटरवर सरकवली.

तू पुडी उलटून पाहिलीस. "हे तं प्यावं नाई लागत ना आता?" म्हणालीस आणि हसलीस. ते हसणं मला दिलेलं होतं. मिटव म्हणून. मी हसलो नाही. तू पुडी पिशवीत टाकलीस आणि गाडीला अजून वेळ असताना उठलीस.

रात्री मन खात होतं म्हणून फोन केला. माफी मागायला केला होता, पण तोंडातून निघालं, "पाय ठेवले का पाण्यात?" तू म्हणालीस, "ठेवले." मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. मग रोज संध्याकाळी विचारू लागलो. "ठेवले का?" "ठेवले." "बरं वाटते का?" "वाटते." मंदा म्हणायची, भाऊ असावा तर असा. आणि मीही तसं समजू लागलो होतो. ज्या माणसाची माफी मागायची त्याची काळजी घेतली की माफी मागितल्यासारखंच होतं, असं काहीतरी मी मनाशी जमवून घेतलं होतं.

तुझं एकेक बोलणं मला त्या दिवसांत फोनवर ऐकू येत होतं. "वावरातून घरी येता येता दम लागते रे." "आडवं झालं की घुसमटते, भिंतीले टेकून झोपते मी." तू ते हसत सांगायचीस, म्हातारपणाची गंमत म्हणून. मी म्हटलं, एकदा डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, "सोयाबीन निघू दे." मी म्हटलं, बरं. त्या "बरं"चं मी काय करू?

बाई, पायावरची सूज बोटानं दाबून पाहायची असते. बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला तर ती वयाची सूज नसते. त्यात दम लागत असेल आणि आडवं झोपता येत नसेल, तर त्याच दिवशी माणसाला दवाखान्यात न्यायचं असतं. हे मला कॉलेजात शिकवलेलं आहे. दुकानात कोणी असं काही सांगितलं की मी गोळी देत नाही. म्हणतो, आधी हृदय तपासा, मग माझ्याकडे या. त्या लोकांची मला नावंही माहीत नसतात.

कौशल्याचा फोन आला तेव्हा सकाळ होती. "दादा, बाईले श्वास घेता येऊन नाई राह्यला." गावातल्याच एकाच्या गाडीतून तिनं तुला आणलं. दवाखान्याच्या दारात मी तुला उतरवून घेतलं. किती जड झाली होतीस! सगळं पाणी. आत डॉक्टरांनी तुझं लुगडं घोट्याच्या वर सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला. तुझ्या पायावर खोल खड्डा पडला होता आणि तो भरून येत नव्हता. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. डॉक्टर विचारत होते, सूज कधीपासून आहे? मी म्हटलं, पोळ्यापासून. काही उपचार? मंदा म्हणाली, "मिठाच्या पाण्यात पाय ठेवत होत्या." डॉक्टरांनी नुसती मान हलवली. चांगला माणूस आहे, माझ्याकडे पाहिलंही नाही.

तुझ्या तोंडावर ऑक्सिजन होता. मी जवळ बसलो तेव्हा तू तो हातानं बाजूला केलास. मला वाटलं, आता बोलशील. आता म्हणशील, सुध्या, तू एवढा औषधाचा माणूस. तू म्हणालीस, "पऱ्हाटीवर लाल्या येऊन राह्यला. फवारा मारजो. नवं पोतं कोठीत हाये." मी तुझ्या तोंडावर मास्क परत बसवला. तुझ्याशी बोलायची तीच वेळ होती, आणि मी मास्कची दोरी नीट करत बसलो.

प्रवीण पोचला तेव्हा तुला समजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

लोक आले. तेरा दिवस येत राहिले. कोणीही मला एक वाकडा शब्द बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी खात्री देता आली नसती. मंदा म्हणाली, तुम्ही रोज फोन करत होता, कोणता भाऊ करतो? तुझ्या गावचे म्हातारे म्हणाले, बाई भाग्यवान, हातपाय चालता चालता गेली. बाई, तुझे पायच तर चालत नव्हते! मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहायचो. कोणीतरी विचारावं, तुझ्या घरात औषधाचं दुकान, आणि तुझी बहीण अशी कशी गेली? कोणी विचारलं नाही. तू असतीस तर तू विचारलं असतंस. चारचौघांत, मोठ्यानं, एसटीच्या कंडक्टरला झापायचीस तसं. मग मला रडता आलं असतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि प्रवीण तुझ्या वावरात गेलो. तू सांगितलं होतंस म्हणून. पऱ्हाटीची पानं लाल पडायला लागली होती, बोंडं चांगली लागली आहेत, तुला पाहायला आवडलं असतं. कौशल्यानं ड्रममध्ये पाणी भरून ठेवलं होतं. कोठीतून पोतं काढलं तर ते अर्धं रिकामं. मी म्हटलं, "एवढं कुठं गेलं? अजून फवारणीच कुठं झाली?"

कौशल्या म्हणाली, "दादा, बाईच्या पायालेच गेलं ना. तुमी देल्ली ते पुडी तं सरून गेल्ती. म्या म्हटलं, बाई, हे पऱ्हाटीचं हाये. बाई म्हणे, पऱ्हाटीले चालते तं मले काहून नाई चालणार?"

प्रवीण हसला. तुझ्या बोलण्याला कोण हसणार नाही? मीही हसायला लागलो होतो, तोच ती पुढं बोलली. "सूज तं वर चढून राह्यली होती, दादा. पोटऱ्यापर्यंत आलती. म्या लय म्हटलं, दवाखान्यात चला. त्या म्हणत, सुध्याचं औषध हाये, तो रोज विचारते, त्याले समजत नसन का? आन तुमाले सांगू देत नव्हत्या. म्हणत, त्याले वाटंन, त्याच्या औषधाले गुण नाई."

ती पंप धुवायला निघून गेली. मी ड्रमात मीठ ओतलं आणि काठीनं ढवळत राहिलो. ते लगेच विरघळतं. हात बुडवला तर पाणी थोडं गार झालेलं. एवढं साधं मीठ, बाई. बिचाऱ्या मिठाचा काय दोष? पानाला लागतं ते पानाला देतं. तुझ्या पायांना त्याच्याकडून काही मिळणार नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. तू गुण येण्याची वाट पाहत नव्हतीस. तू माझी लाज राखत होतीस. ज्या तोंडाला मी बंद राहा म्हणालो होतो, ते तू माझ्यासाठी बंद ठेवलंस.

प्रवीण धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसला होता. म्हणाला, "मामा, मनाले लावून नका घेऊ. चूक माही हाये." मग त्यानं सांगितलं. गणपतीत तो तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलला. तुझा चेहरा भरल्यासारखा दिसला आणि तो म्हणाला, "आई, जाडी झाली तू. मजा हाये गावात." तूही हसलीस म्हणे. ती सूज होती, हे त्याला आता दवाखान्यात कळलं. सांगता सांगता तुझा एवढा मोठा मुलगा गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "बेटा, तुझी काही चूक नाही. तुले काय माहीत?" आणि माझ्याच कानांना ते ओळखीचं वाटलं. तेरा दिवस लोक मला हेच म्हणत होते. त्याच्या बाबतीत ते खरं होतं. माझ्या बाबतीत नव्हतं. आणि तो पोरगा माझा हात पाठीवर घेऊन बसला होता, आम्ही दोघं सारखेच आहोत असं समजून.

मला ते चालवून घेता आलं असतं, बाई. दोघांनी मिळून रडलो असतो, आणि आयुष्यभर एकमेकांची समजूत काढली असती.

मी म्हणालो, "प्रवीण, तुले माहीत नव्हतं. मले माहीत होतं."

"म्हंजे?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. साहेबांचा डबा, मी काय बोललो ते, तू पाय पाहा म्हणालीस ते. फळी उचलली नाही ते. रोजचा फोन कशासाठी होता ते. तुझा दम, भिंतीला टेकून झोपणं, माझं "बरं". बोलून झाल्यावर मला वाटलं तो म्हणेल, जाऊ द्या मामा. तो उठला. ड्रममधून पंप भरला, पाठीवर घेतला आणि पऱ्हाटीच्या ओळीत शिरला. दुपारपर्यंत फवारत होता. मी धुऱ्यावर बसून होतो. कौशल्यानं दोघांना वेगवेगळी भाकर दिली. तिला काय कळलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला निघाला. मंदाला नमस्कार केला. माझ्यासमोर आला, थोडा थांबला, बॅग उचलली आणि रिक्षात बसला. मंदा मला विचारत होती, काय झालं दोघांचं? मी काही सांगितलं नाही. रिक्षा वळेपर्यंत दारात उभा राहिलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी खरं वागलं होतं. मला त्याचं दुःख झालं आणि, तुला सांगतो, थोडा आधारही वाटला.

अजून त्याचा फोन नाही. मीही केला नाही. मंदा करते, मला ऐकू येईल अशा आवाजात त्याच्याशी बोलते, त्याला जेवणाचं विचारते. तुझं वावर मी आणि कौशल्या मिळून या हंगामापुरतं पाहतो आहोत. रविवारी मी जाऊन आलो. नवी पानं हिरवी येत आहेत. वेचणी सुरू होईल तेव्हा त्याला यावंच लागेल. तुझा मुलगा आहे तो, मनातलं मनात ठेवणं त्याच्या रक्तात नाही. तो येईल आणि बोलेल, मोठ्यानं, कदाचित सगळ्या गावासमोर.

बोलू दे. त्या दिवशी मी त्याला गप्प बस म्हणणार नाही, बाई.